बहुरूपी यंत्राचे मौन

दिल्लीच्या दक्षिण भागात, बाह्य वर्तुळमार्गाला लागून, मुनिरका नावाचे गाव आहे. गाव म्हणायचे ते आता केवळ जुन्या सवयीने. टोकस कुळीच्या जाट शेतकऱ्यांची ही मूळ वस्ती. स्वातंत्र्यानंतर राजधानी वाढत गेली, तशी गावची शेते सरकारने घेतली आणि आसपासच्या परिसरात रामकृष्णपुरमची सरकारी निवासस्थाने, दिल्ली विकास प्राधिकरणाच्या सदनिका, १९६९ साली स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू विद्यापीठ ही सारी उभी राहिली. शेते गेली, पण महसुली भाषेत ज्याला ‘लाल डोरा’ म्हणतात त्या गावठाणाच्या रेषेआतली घरे मात्र राहिली. त्यांवर मजल्यांमागून मजले चढले आणि त्या मजल्यांतील खोल्या भाड्याने जाऊ लागल्या. आज या गल्ल्यांतून ईशान्य भारतातील, बिहारमधील, केरळातील विद्यार्थी राहतात. त्यांत नांदेडहून वा सांगलीहून आलेले मराठी विद्यार्थीही असतात. मे २०१८ मध्ये मुनिरक्याला मेट्रो आली. पण स्थानकातून बाहेर पडून गावात शिरले की आकाशाची एक अरुंद पट्टी आणि तिच्यावर विजेच्या तारांचे जाळे, एवढेच डोक्यावर उरते.

अशाच एका खोलीत राहणारी एक मराठी विद्यार्थिनी श्रोत्यांनी क्षणभर कल्पावी. तिच्यापाशी एक लॅपटॉप आहे, एक जुना फोन आहे आणि एक संकल्प आहे. तिला मोबाइल फोनसाठी असे एक ॲप तयार करावयाचे आहे की जे मराठी पुस्तकातील मजकूर मोठ्याने वाचून दाखवील. ते हवे आहे एका दृष्टिहीन सहाध्यायाला. मुनिरक्याच्या शेजारीच, रामकृष्णपुरमच्या पाचव्या सेक्टरमध्ये, दृष्टिहीनांच्या राष्ट्रीय संघटनेचे दिल्लीतील कार्यालय आहे. तेव्हा असा सहाध्यायी आणि अशी गरज या परिसराला अपरिचित नाही.

डोळसाच्या फोनमधला आवाज बंद पडला तर त्याचे एक सुख जाते. दृष्टिहीनाच्या फोनमधला आवाज बंद पडला तर त्याचा फोनच जातो. भारतीय रिझर्व्ह बँकेचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. २०१६ नंतर ज्या नव्या नोटा चलनात आल्या त्या आकाराने लहान होत्या, आणि बोटांनी चाचपून नोट ओळखण्याची दृष्टिहीनांची वर्षानुवर्षांची सवय एकाएकी निरुपयोगी झाली. यावर उपाय म्हणून बँकेने १ जानेवारी २०२० रोजी ‘मनी’ नावाचे ॲप प्रसृत केले. फोनचा कॅमेरा नोटेसमोर धरावा, म्हणजे ॲप नोटेची किंमत बोलून सांगते. आरंभी ते हिंदीत आणि इंग्रजीत बोलत असे. पुढे मराठीसह इतर भारतीय भाषांतही बोलू लागले. ज्यांना ऐकूही येत नाही त्यांच्यासाठी कंपनाच्या खुणांची सोय त्यात आहे. असे ॲप गप्प बसले, तर भाजीवाल्यापुढे पाचशेची नोट पन्नासची म्हणून जाऊ शकते.

आता आपल्या विद्यार्थिनीकडे वळू. तिने ॲप लिहिले. ते चालवून पाहण्यासाठी तिने लॅपटॉपवर एम्युलेटर सुरू केला. पडद्यावर एक छोटासा फोन उमटला. तिने कळ दाबली, वाचला जाणारा शब्द पिवळ्या रंगाने उजळत पुढे पुढे सरकू लागला, परिच्छेद संपला, ‘वाचन पूर्ण’ अशी अक्षरे आली. आवाज मात्र एकही झाला नाही.

हा एम्युलेटर म्हणजे काय? महाराष्ट्रात पूर्वी बहुरूपी दारोदार येत असे. कधी तो फौजदार होई, कधी पोस्टमन होई. पोशाख, चाल, दरडावणे, सारे हुबेहूब. एम्युलेटर हा संगणकातला बहुरूपी आहे. तो आहे एक आज्ञावली, पण सोंग घेतो संपूर्ण यंत्राचे. फोनचा पडदा, स्मृती, बॅटरी, कॅमेरा, ध्वनी निर्माण करणारा भाग, यांपैकी काहीही प्रत्यक्षात नसते. परंतु आत चालणाऱ्या अँड्रॉइड प्रणालीला ते सर्व आहे असे भासवले जाते. ही कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीने १९६४ मध्ये ‘सिस्टिम ३६०’ ही संगणकमाला जाहीर केली, तेव्हा जुन्या १४०१ संगणकासाठी लिहिलेल्या आज्ञावल्या ग्राहकांना टाकून द्याव्या लागू नयेत म्हणून नव्या यंत्राला जुन्याचे सोंग घ्यायला शिकवले होते. अँड्रॉइडचा एम्युलेटर ज्या पायावर उभा आहे ती ‘क्यूएमू’ ही आज्ञावली फ्रान्समधील फाब्रिस बेलार यांनी लिहिली आणि २००३ मध्ये लोकांना खुली केली. अँड्रॉइडवर आज्ञावल्या लिहिण्याची साधने नोव्हेंबर २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि त्या प्रणालीचा पहिला फोन दुकानात आला तो ऑक्टोबर २००८ मध्ये. मधले जवळजवळ वर्षभर जगभरचे लोक जो फोन कोणी हातातही धरला नव्हता त्याच्यासाठी ॲप लिहीत होते. ते केवळ या बहुरूप्याच्या भरवशावर.

मुनिरक्यातल्या खोलीत त्याचे प्रयोजन अधिक साधे असते. बाजारात अँड्रॉइडचे शेकडो प्रकारचे फोन आहेत, आणि विद्यार्थ्यापाशी फार तर एक असतो. एम्युलेटर मात्र सकाळी स्वस्त फोन होतो आणि सायंकाळी महाग. त्याला भाडे पडत नाही.

परंतु सोंगाचा दोष असा की सोंग कोठे सुटले ते सहजी कळत नाही, आणि ध्वनीच्या बाबतीत तर मुळीच कळत नाही. चित्र चुकले तर ते चुकलेले दिसते. ध्वनी नसला तर केवळ ‘नाही’ एवढेच हाती येते. तो कोठून नाहीसा झाला याची खूण त्या मौनात नसते. म्हणून त्याचा मार्गच आधी समजावून घ्यावा लागतो.

ॲपमध्ये मराठी मजकूर असतो. ॲप स्वतः बोलत नाही. ते तो मजकूर फोनमधल्या एका वेगळ्या वाचक आज्ञावलीच्या हाती देते. या व्यवसायातील लोक तिला ‘टेक्स्ट टू स्पीच’ म्हणतात. ती अक्षरांपासून ध्वनीचे आकडे घडवते. हे आकडे अँड्रॉइडच्या ध्वनिसेवेकडे जातात. तेथे वेगवेगळ्या ॲपचे आवाज एकत्र मिसळले जातात आणि प्रत्येकाला त्याच्या त्याच्या पट्टीनुसार लहान-मोठे केले जाते. मिसळलेला प्रवाह फोनच्या ध्वनियंत्राकडे म्हणजे साउंड कार्डाकडे जातो. हे कार्ड अर्थातच खोटे असते. खोट्या कार्डाच्या मागे एम्युलेटर उभा असतो. तो ते आकडे उचलतो आणि लॅपटॉपच्या खऱ्या ध्वनिसेवेच्या स्वाधीन करतो. ती सेवा विंडोजमध्ये एक असते, ॲपलच्या संगणकात दुसरी, आणि लिनक्समध्ये पल्सऑडिओ किंवा पाइपवायर असते. तिच्याकडूनही पुन्हा एकदा पट्टी लागते, आणि मग कोठे आकडे लॅपटॉपच्या कर्ण्यात किंवा कानातल्या इअरफोनमध्ये पोहोचतात.

हे आकडे किती असावेत? दर सेकंदाला ४४,१०० वेळा, डाव्या व उजव्या अशा दोन बाजूंसाठी, दोन-दोन बाइट, असा हिशोब धरला तर एका सेकंदाच्या आवाजासाठी १,७६,४०० बाइट या साऱ्या हातांतून जावे लागतात, आणि तेही वेळेवर. वाटेत कोणी रेंगाळला तर आवाजात भेग पडते आणि खरखर ऐकू येते. नवशिके लोक या खरखरीने त्रासून जातात. वास्तविक खरखर ही चांगली बातमी होय: वाट मोकळी आहे, फक्त लॅपटॉप दमलेला आहे. चार-दोन कामे बंद केली की ती बहुधा जाते. काळजी करावी ती पूर्ण शांततेची.

जुन्या काळी घरचा रेडिओ बंद पडला की घरातला प्रत्येक जण आपापला तर्क लढवी. कोणी बटण पिळी, कोणी सेल उतरले म्हणे, कोणी एरियलची तार हलवी. आकाशवाणीच्या केंद्रावर असे चालत नाही. स्टुडिओतून आवाज नियंत्रणकक्षात येतो, तेथून प्रक्षेपकाकडे जातो, आणि वाटेतल्या टप्प्यांवर कान लावून ऐकण्याची सोय असते. नियंत्रणकक्षात ऐकू येते आणि प्रक्षेपकापाशी येत नाही, एवढे समजले की स्टुडिओतल्या निवेदकाचा मायक्रोफोन तपासण्याचे कारण उरत नाही. एम्युलेटरचे निदान याच रीतीने करावयाचे असते. मधोमध कान लावावा. अर्धी वाट निर्दोष ठरते. उरलेल्या अर्धीच्या मधोमध पुन्हा कान लावावा. सोळा टप्प्यांची वाट असली तरी चार प्रश्नांत दोषाचे ठिकाण सापडते. एकामागून एक सोळा उपाय करून पाहणाऱ्यास मात्र कधी कधी सोळाव्या उपायाने यश येते, आणि पंधरा उपायांनी काय काय बिघडवून ठेवले ते पुढच्या आठवड्यात कळते.

वाटेचा मध्य एम्युलेटरमध्येच आहे. त्या खोट्या फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन सूचनेचा किंवा गजराचा एखादा सूर वाजवून पाहावा. त्यात ॲपचा संबंध येत नाही, वाचक आज्ञावलीचाही येत नाही. तो सूर ऐकू आला तर अँड्रॉइडच्या ध्वनिसेवेपासून कानापर्यंतचा रस्ता खुला आहे आणि दोष अलीकडे, ॲपच्या बाजूला आहे. ऐकू आला नाही तर दोष पलीकडे आहे.

पलीकडची बाजू आधी घेऊ, कारण ती थोडक्यात आटोपते. लॅपटॉपवर दुसरे एखादे गाणे लावून पाहावे. तेही वाजत नसेल तर एम्युलेटर निरपराध आहे. गाणे वाजते आणि एम्युलेटर वाजत नाही, तर लॅपटॉपच्या ध्वनिमिश्रकाचा म्हणजे मिक्सरचा फलक उघडावा. विंडोजमध्ये २००७ पासून प्रत्येक आज्ञावलीची पट्टी वेगळी आहे, लिनक्समध्येही ती वेगळी दाखवता येते. पुष्कळदा असे आढळते की पूर्वी कधीतरी, रात्री शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून, केवळ एम्युलेटरचाच आवाज शून्यावर आणून ठेवलेला असतो आणि लॅपटॉपने ती आठवण इमानाने जपलेली असते.

फलकावर एम्युलेटरचे नावच दिसत नसेल, तर त्याने खऱ्या ध्वनिसेवेचे दार ठोठावलेलेच नाही. मग पाहावे की तो सुरू करताना ‘नो-ऑडिओ’ हा शब्द आज्ञेत आला आहे काय. दुसऱ्याने लिहून दिलेली आज्ञा तशीच उतरवून घेतली की हा शब्द तीत असण्याचा संभव असतो, कारण स्वयंचलित चाचण्या घेणारे लोक तो नेहमीच वापरतात. प्रत्येक खोट्या फोनसाठी लॅपटॉपवर ‘कॉन्फिग’ नावाची एक मजकूर-फाइलही असते. तिच्यात ध्वनी बाहेर सोडण्याविषयी एक ओळ असते आणि त्या ओळीपुढे ‘नो’ लिहिलेले असले तर फोन जन्मतःच मुका होतो. याच फाइलमध्ये मायक्रोफोनचीही ओळ आहे. तिचे काम पुढे पडेल.

आता मुनिरक्याच्या खोल्यांची गोष्ट. भिंतीला भिंत लागलेली, पलीकडे कोणीतरी परीक्षेचा अभ्यास करीत आहे. येथे रात्री कर्णा लावून काम करता येत नाही. म्हणून बिनतारी इअरफोन आले, आणि त्यांच्याबरोबर दोन घोटाळे आले. पहिला असा की एम्युलेटर सुरू होताना लॅपटॉपचा जो ध्वनिमार्ग चालू असेल तो तो धरतो. मागाहून इअरफोन जोडले की बाकी सारे आवाज इअरफोनमध्ये येतात. एम्युलेटर मात्र कधी कधी जुन्याच मार्गावर आकडे ओतत राहतो. इअरफोन आधी जोडून मग एम्युलेटर सुरू केला की भांडण मिटते. दुसरा घोटाळा अधिक मौजेचा आहे. ब्लूटूथ इअरफोनला दोन चाली असतात: एक केवळ ऐकण्याची, उत्तम प्रतीची, दुसरी ऐकण्या-बोलण्याची, हलक्या प्रतीची. लॅपटॉपवरील कोणी मायक्रोफोन मागितला की इअरफोन पहिली चाल सोडून दुसरी धरतात. एम्युलेटरने सुरू होताच मायक्रोफोन मागितला, की सगळा आवाज पूर्वीच्या ट्रंककॉलसारखा लांबून व बसका येऊ लागतो, आणि दोष बिचाऱ्या वाचक आज्ञावलीला दिला जातो. ‘कॉन्फिग’मधली मायक्रोफोनची ओळ ‘नो’ केली की आवाज पूर्ववत होतो.

आणखी एक कारण झोपेचे आहे. २०१७ च्या अखेरीपासून अँड्रॉइडचा एम्युलेटर बंद केला तरी खऱ्या अर्थाने बंद होत नाही. आपल्या सर्व स्थितीचे चित्र तो जतन करतो आणि पुढच्या वेळी त्या चित्रातूनच उठतो. यामुळे वेळ वाचतो. परंतु काल ज्या क्षणी तो निजला त्या क्षणी ध्वनियंत्र अडकलेले असेल, तर आज तो त्याच अडकलेल्या स्थितीत उठतो, आणि दहा वेळा उठवला तरी तसाच उठतो. यासाठी त्याला ‘कोल्ड बूट’ द्यावे लागते, म्हणजे कालचे चित्र बाजूला ठेवून पहिल्यापासून सुरुवात. हा उपाय सोपा असल्यामुळे अनेक जण तोच प्रथम करतात. त्यास हरकत नाही. फक्त त्याने गुण आला तर आजार काय होता ते कळत नाही.

काही वेळा एम्युलेटर खोलीत नसतोच. खोलीतला लॅपटॉप दुबळा असतो, म्हणून तो संस्थेच्या प्रयोगशाळेतील मोठ्या संगणकावर चालवतात आणि त्याचे चित्र तारेवरून आपल्याकडे पाहतात. अशा वेळी आवाज होतो, पण होतो तो तिकडे, बंद प्रयोगशाळेत. चित्राबरोबर आवाजही पाठवण्याची सोय वेगळी सुरू करावी लागते. त्या मोठ्या संगणकाला साउंड कार्डच नसेल तर तोही उपाय संपला.

ॲपलच्या फोनसाठी काम करणाऱ्यांचा बहुरूपी निराळ्या जातीचा आहे. तो यंत्राचे सोंग घेत नाही, ॲपला थेट संगणकावरच चालवतो आणि फोनचा केवळ देखावा उभा करतो. त्यामुळे त्याची ध्वनीची वाट आखूड असते. आपली विद्यार्थिनी अँड्रॉइडवर असल्याने तिकडे जाण्याचे कारण नाही.

समजा, तिच्या एम्युलेटरमध्ये गजराचा सूर स्वच्छ वाजला. म्हणजे दोष अलीकडे आहे, आणि खरी रंगत या बाजूलाच आहे. येथे पुन्हा मधोमध कान लावता येतो. वाचक आज्ञावलीला ‘बोल’ म्हणण्याऐवजी ‘बोललेले फाइलमध्ये लिहून ठेव’ असे सांगता येते. ती फाइल लॅपटॉपवर आणून वाजवावी. तीत मराठी वाक्य ऐकू आले, तर वाचक निर्दोष आहे आणि अडचण पट्टीची आहे. अँड्रॉइडमध्ये पट्ट्या पुष्कळ: गाण्यांची एक, घंटीची दुसरी, गजराची तिसरी, दूरध्वनीवरील संभाषणाची चौथी. गजर वाजला म्हणून गाण्याची पट्टी वर आहे असे होत नाही. २०१७ साली आलेल्या अँड्रॉइडच्या आठव्या आवृत्तीपासून तर दृष्टिहीनांना पडदा वाचून दाखवणाऱ्या ‘टॉकबॅक’सारख्या साधनांसाठी वेगळी पट्टी आहे. जिला डोळ्यांनी दिसते ती मुलगी टॉकबॅक लावून कधी पाहतच नाही, आणि म्हणून तिच्या ध्यानातही येत नाही की तिचे ॲप आणि टॉकबॅक हे दोघे एकाच वेळी बोलू लागले तर ऐकणाऱ्याला दोघांपैकी एकाचेही समजणार नाही.

फाइल रिकामी निघाली तर वाचकच बोललेला नाही. याचे सर्वांत सामान्य कारण उतावळेपणा. वाचक आज्ञावलीला जागे व्हायला थोडा वेळ लागतो आणि जागी झाल्यावर ती तसे कळवते. त्याआधीच तिला वाक्य दिले तर ते वाक्य हवेत जाते. खऱ्या फोनवर ती आधीच दुसऱ्या कोणासाठी जागी असते म्हणून दोष झाकला जातो. नव्याने उठलेल्या एम्युलेटरमध्ये उघडा पडतो. येथे सोंग खऱ्यापेक्षा अधिक उपकारक ठरते, हे नमूद केले पाहिजे.

दुसरे कारण, वाचक तेथे नसणे. एम्युलेटरमध्ये बसवण्याची अँड्रॉइड प्रणाली निरनिराळ्या घडणींत मिळते: एक गूगलच्या सेवांसह, दुसरी त्यांवाचून. हलकी म्हणून दुसरी घडण घेतली की गूगलची वाचक आज्ञावली तिच्यात नसते. पहिली घेतली तरी मराठी आवाज तीत आधीपासून असेलच असे नाही. तो स्वतंत्रपणे उतरवून घ्यावा लागतो. भाषा मराठी ठरवली जाते त्या क्षणी वाचक आज्ञावली ॲपला एक आकडा परत देते. उणे १ म्हणजे ‘भाषा ओळखीची आहे, पण सामग्री नाही’. उणे २ म्हणजे ‘ही भाषा येतच नाही’. सारा खुलासा या एका आकड्यात असतो, आणि घाईघाईने लिहिलेल्या ॲपमध्ये नेमका तोच वाचला जात नाही. इंग्रजीत लिहिणाऱ्याला त्याची कधी गरज पडत नाही, त्यामुळे शिकवणाऱ्या पुस्तकांतही त्यावर भर नसतो. मराठीसाठी लिहिणाऱ्याला मात्र तो आकडा पाहिल्यावाचून पाऊल टाकता येऊ नये.

तिसरे कारण कायद्यासारखे आहे. २०२० साली आलेल्या अकराव्या आवृत्तीपासून, फोनमध्ये दुसरी कोणती ॲप आहेत हे कोणत्याही ॲपला आपोआप दिसत नाही. वाचक आज्ञावली हवी असेल तर आपल्या ‘मॅनिफेस्ट’ नामक घोषणापत्रात तसे आधी लिहून ठेवावे लागते. ती ओळ नसली तर वाचक शेजारी बसलेला असूनही ॲपला तो आढळत नाही. दहाव्या आवृत्तीच्या एम्युलेटरमध्ये बोलणारे ॲप अकराव्यात मुके होते, ते यामुळे.

एवढे सांगितल्यावर एक प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो सर्वांत गंभीर आहे. ध्वनी कोठेच पोहोचला नाही, तर पडद्यावर ‘वाचन पूर्ण’ ही अक्षरे आली कशी?

याचे उत्तर एम्युलेटरच्या घडणीत आहे. खऱ्या संगणकाशी ध्वनीची जोडणी झाली नाही म्हणून सबंध खोटा फोन कोसळावा, हे त्याच्या रचनाकारांना इष्ट वाटले नाही, आणि ते बरोबरच आहे. पण ध्वनी हा फोनमधील एक प्रकारचे घड्याळही असतो: इतके आकडे खपले, म्हणजे इतका वेळ गेला. आकडे खपलेच नाहीत तर ॲप वाट पाहत खोळंबून राहील. म्हणून क्यूएमूमध्ये एक पोकळ ध्वनिमार्ग ठेवलेला आहे. आकडे ज्या गतीने कर्ण्यात गेले असते नेमक्या त्याच गतीने तो ते गिळतो आणि फेकून देतो. आतल्या अँड्रॉइडला सर्व यथास्थित वाटते. वाचक आज्ञावली ‘वाक्य संपले’ असे प्रामाणिकपणे कळवते. ॲप ‘वाचन पूर्ण’ असे प्रामाणिकपणे लिहिते. या साखळीत कोणीही खोटे बोलत नाही, आणि तरीही एक अक्षर कोणाच्या कानावर पडलेले नसते.

एका खोलीत हे घडले तर ती मुलगी चिडून इअरफोन तपासते. परंतु मोठ्या प्रमाणावर ॲप तयार होतात तेथे चाचण्या माणसे घेत नाहीत. पडदा नसलेल्या, कर्णा नसलेल्या संगणकांवर, ‘नो-ऑडिओ’ लावून, रात्रभर शेकडो एम्युलेटर उठवले जातात आणि सकाळी सर्व चाचण्या उत्तीर्ण झाल्याचा हिरवा शेरा मिळतो. तो शेरा पडद्याविषयी असतो. आवाजाविषयी त्यात काहीही म्हटलेले नसते, पण वाचणारा ते गृहीत धरतो. दृष्टिहीनांसाठी लिहिलेले, पूर्णपणे मुके झालेले ॲप या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवू शकते. वाचकाकडून फाइल लिहून घेऊन ती रिकामी नाही ना, एवढे तपासणारी एक चाचणी जोडली तर अर्धा धोका टळतो. उरलेला अर्धा टाळायला अजून तरी कानच लागतो.

तो कान कोणाचा असावा, हेही पाहिले पाहिजे. वर्षानुवर्षे वाचक आज्ञावल्या ऐकणारे दृष्टिहीन लोक त्यांना इतक्या वेगाने बोलवतात की अनोळखी माणसाला शब्द सुटे करता येत नाहीत. मराठी जोडाक्षरे त्या वेगात टिकतात की नाही, हे विद्यार्थिनीने संथ लयीत ऐकून ठरवणे व्यर्थ. शिवाय एम्युलेटरमध्ये आवाज मूळचाच थोडा उशिरा येतो, त्यामुळे बोटाचा स्पर्श आणि शब्द यांतील अंतर तेथे मोजू नये. कंपन तर बहुरूप्याला येतच नाही. त्याला अंगच नाही. ‘मनी’सारख्या ॲपची कंपनाची खूण खऱ्या फोनावाचून तपासता येणार नाही.

तेव्हा, उणे १ हा आकडा वाचून, मराठी आवाज उतरवून, वाचक जागा होईपर्यंत थांबण्याची ओळ लिहून, पहिले मराठी वाक्य इअरफोनमध्ये ऐकू आले, की त्या विद्यार्थिनीने ॲप आपल्या जुन्या फोनमध्ये घालावे, तो फोन त्या सहाध्यायाच्या हाती द्यावा आणि त्याच्याबरोबर गल्लीत उतरावे. खाली पाण्याचा टँकर उभा असतो. मोटारसायकली त्याच्या बाजूने वाट काढतात. मोमोवाल्याच्या भांड्याचा खणखणाट, वरच्या मजल्यावरून कोणाची तरी हाक. फोनचा लहानसा कर्णा या गलक्यात मराठी वाक्य उच्चारतो, आणि ऐकणारा फोन कानाशी नेतो किंवा मान हलवतो.